पाच वाजताची चितळं

‘ज्या ओट्यावरून एकेकाळी बंदुका बोलल्या, त्याच ओट्यावर आता करुणा मौन धरून बसली आहे.’

हे वाक्य संगमरवरावर कोरून त्या बंगल्याच्या दारापाशी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर बसवलेलं होतं. ते वाचल्याशिवाय कुणी आत जाऊ नये असा बेत होता. दगडावर कोरलेल्या वाक्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कागदावरचं वाक्य खोटं निघालं तर खोडता येतं; दगडावरचं खोटं निघालं तर लोक त्याला कुंपण घालतात. म्हणून बॅग हातात धरूनच मी ते दोनदा वाचलं आणि बायकोला म्हणालो, “इथे काहीतरी गडबड आहे.”

ती म्हणाली, “अजून पाय नाई ठेवला आत. गडबडीले तरी येऊ द्या.”

माझी बायको अल्लीपूरची, शेतकऱ्याच्या घरातली. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, नाताळची सुट्टी लागली होती आणि त्या बंगल्याचा इतिहास पुस्तिकेच्या रूपानं लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यासाठी आम्ही दोघं तिथं मुक्कामाला आलो होतो.

बंगला इंग्रजांच्या वेळचा. वर्ध्याहून उत्तरेला जाताना कापसाची शेतं संपतात आणि सागाचं रान सुरू होतं, तिथल्या एका टेकडीच्या पायथ्याशी जंगल खात्यातल्या कुणा साहेबानं तो बांधून घेतला. छत उंच, भिंती हातभर रुंद आणि दिवाणखान्यात भिंतीतच बांधलेली शेकोटी. वर्धा जिल्ह्यात घरात शेकोटी बांधणाऱ्या माणसाच्या एकंदर विचारशक्तीवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न मी पुस्तिकेत घालणार होतो. पण बायको म्हणाली, मेलेल्या माणसाच्या मागे लागू नका.

भिंतीवर पूर्वी मारलेल्या जनावरांची मुंडकी असत. शिकारीवर बंदी आल्यावर ती उतरवली गेली, पण भिंतीवर त्यांच्या आकाराचे फिक्कट डाग राहिले. मग त्याच खिळ्यांना जिवंत जनावरांचे फोटो लटकवण्यात आले. फोटो लहान आणि डाग मोठे असल्यामुळे प्रत्येक हरणाच्या मागे एका गव्याची सावली उभी असल्यासारखी दिसे.

बंगला खात्याचा, पण चालवायला दिला होता एका समितीकडे. उतरणाऱ्यानं दिलेल्या भाड्यातून वन्य प्राण्यांचं रक्षण करायचं, अशी ती योजना. त्यातून एक पाणवठा बांधून झालाही होता. तो सिमेंटचा होता आणि त्यावर उद्घाटनाची पाटी होती. पाटी पाण्यापेक्षा रुंद होती. जनावरं जुन्या सवयीनं खालच्या नाल्यावर पाणी पीत.

समितीचे अध्यक्ष पूर्वीचे मालगुजार, म्हणजे इथले जमीनदार. मालगुजारी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या आवाजातून ती अजून गेलेली नव्हती. त्यांच्या वडिलांनी या रानात किती वाघ मारले, हे ते पूर्वी अभिमानानं सांगत. बंदी आल्यापासून तेच ते खेदानं सांगू लागले होते. वाघांचा आकडा मात्र कमी झाला नव्हता. मला पुस्तिकेचं काम देताना ते आमच्या घरी आले, खुर्ची पुसून बसले आणि म्हणाले, “दिल्लीच्या बाई येणार आहेत. मोठ्या मंडळावर आहेत. खातं बंगल्याला कुलूप लावायच्या विचारात आहे. बाईंचं मत चांगलं पडलं तर बंगला राहील. तुम्ही अस्सल इतिहास लिहा. आणि मुख्य म्हणजे, तिथे जनावर रोज दिसतं, हे लिहा.”

“रोज?”

“रोज. पाच वाजता.”

माझ्या संशयाची सुरुवात त्या ‘पाच वाजता’पासून आहे.

बंगल्यात आमची सगळी व्यवस्था एका खानसाम्याकडे होती. पन्नाशीचा, उंच, सडपातळ, बोलताना कायम दाराच्या चौकटीला टेकून उभा राहणारा माणूस. तो आणि त्याची बायको मागच्या खोलीत राहत. मागं त्यांनी वांगी आणि मेथीचे वाफे केले होते. तो खात्यात रोजंदारीवर होता. लग्न झालं तेव्हा रोजंदारीवर होता, लेकी झाल्या तेव्हा रोजंदारीवर होता, आणि थोरल्या लेकीच्या लग्नात व्याह्यांना त्यानं ‘यंदा कायम होतो’ असं सांगितलं, त्या गोष्टीलाही आता नातवंडं झाली होती. अध्यक्षांनी त्याला शब्द दिला होता की दिल्लीच्या बाई खूश झाल्या, तर त्याला कायम करायला त्या स्वतः खात्याला सांगतील. आणि कुलूप लागलं तर खोलीही गेली, वाफेही गेले.

“गावात ना घर हाय, ना वावर,” त्याची बायको पहिल्याच दुपारी माझ्या बायकोला म्हणाली. “कुलूप लागलं तं आमी कुठी जावं, बाई? आमच्या बुढ्यानं सारी जिनगानी याच बंगल्यापाशी घातली.”

खानसाम्यानं आमच्या बॅगा खोलीत ठेवल्या आणि सूचना दिली, “सर, चहा पाचले. वरांड्यात. उशीर नोका करू. जनावर थांबत नाई.”

आम्ही उशीर केला नाही. बंगल्यासमोर मोकळं माळरान होतं, त्यापलीकडे सागाची रांग, त्यामागे टेकडी. चहा खानसाम्याच्या बायकोनं आणला. मी पहिला घोट घेतला आणि सागाच्या रांगेतून एक चितळ बाहेर आलं. मग दुसरं. मग एक शिंगाळ नर, आणि त्याच्यामागे सारा कळप. उतरत्या उन्हात त्यांच्या अंगावरचे ठिपके दिवे लावल्यासारखे दिसत होते. कळप माळरान तिरपा ओलांडून नाल्याकडे उतरला आणि दिसेनासा झाला.

बायकोचा चहा तिच्या हातातच गार झाला. “काय सुंदर हाय वो!” ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. “वर्धा जिल्ह्यात मी उभा जन्म काढला,” मी म्हणालो. “इथे एसटी वेळेवर येत नाही, पगार वेळेवर होत नाही, प्राचार्य तर येतच नाहीत. आणि चितळं पाचला येतात.”

“मंग? त्याईले प्राचार्य व्हायचं नसन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळरानावर जाऊन आलो. माझा पहिला संशय मिठावर होता. कुणीतरी मिठाचे खडे टाकून जनावरांना सवय लावली असणार. मी गवत उपसून पाहिलं. मीठ नव्हतं. दुसरा संशय, चितळं पाळीव असावीत. तो तपासायला मी नाल्याकाठी चरणाऱ्या दोन माद्यांच्या दिशेनं, ओळखीच्या माणसासारखा, चालत गेलो. त्या अशा काही पळाल्या की माझाच अपमान झाल्यासारखं वाटलं. परत आलो तेव्हा बायको वाफ्यापाशी उभी होती.

“काय सापडलं?”

“काही नाही.”

“चितळ हाय ते. बकरी असती तं दोर सापडला असता.”

संध्याकाळी पुन्हा पाच वाजले आणि पुन्हा कळप आला. या खेपेला मी जनावरांकडे कमी आणि त्यांच्या वागण्याकडे जास्त पाहिलं. ती चरत नव्हती. पाण्याच्या घाईतही नव्हती. पावलं पुढे पडत होती, पण कान मागे, टेकडीकडे वळलेले होते. सकाळच्या पहिल्या तासाला माझ्यासमोर बसणारी मुलं अशीच दिसतात. आपण आलो नाही, आपल्याला पाठवलंय, हे त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चहा दोन्ही दिवस खानसाम्याच्या बायकोनं आणला होता. नाश्ता, जेवण, पाणी, सगळं खानसामा स्वतः आणी. फक्त पाचच्या चहाला तो नसे. कळप गेला की थोड्या वेळानं मागच्या बाजूनं उगवे, कपाळावर घाम, आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत गवताच्या कुसळांनी भरलेली.

“कुठे होता तुम्ही?” मी विचारलं.

“पोटात दुखून राह्यलं होतं, सर.”

“कालही?”

“कालपासूनच दुखून राह्यलं.”

“बरोबर पाचला दुखतं?”

“आता पोटाले का घड्याळ समजते, सर?” असं म्हणून त्यानं रिकामे कप उचलले आणि कुसळं झाडत निघून गेला.

इतिहासाच्या माणसाला पुरावा लागतो. बायकोला स्वयंपाकघर पुरतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खानसाम्याच्या बायकोबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. टोपलं रिकामं झालं तेव्हा ती माझ्याकडे आली, खोलीचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “सांगू काय? पन बोंबलू नोका.”

“सांग.”

“हाका घालते गाव.”

मला समजायला थोडा वेळ लागला. हाका म्हणजे रान उठवणं. साहेब शिकारीला आला की शेजारच्या गावातली माणसं टेकडीच्या मागे अर्धगोल करून उभी राहत, पत्र्याचे पिपे बडवत, आरडाओरडा करत पुढे सरकत, आणि पुढे पळणारी जनावरं बरोबर बंदुकीसमोर येत. बंदूक या बंगल्याच्या ओट्यावर, आम्ही चहा घेत होतो त्याच व्हरांड्यात, आरामखुर्चीत बसलेली असे. ही पद्धत शिकारबंदीबरोबर बंद झाली, असं मी पुस्तिकेच्या कच्च्या मसुद्यात, करुणेचा उल्लेख करून, लिहूनही टाकलं होतं.

“अध्यक्षांनी करायला लावलं?”

“तेच तं सांगून राह्यली. त्यानं हाका घाला म्हटलं नाई. त्यानं एवढंच म्हटलं, पाहुने आले की जनावर दिसलं पाह्यजे.”

हे वाक्य गावानं पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. ते याच ओट्यावरून पूर्वी इंग्रज साहेबांनी उच्चारलं होतं, अध्यक्षांच्या वडिलांनी उच्चारलं होतं, आणि गावापाशी त्याला एकच उत्तर होतं. हुकुमात बंदुकीचा उल्लेख पूर्वीही नसायचा. ती साहेबाची बाब होती. जनावर दिसलं पाहिजे, म्हणजे रान उठवायचं. त्यामुळे बंगला वन्य प्राण्यांच्या रक्षणाला लागला, त्या आठवड्यात गाव पुन्हा हाक्याला लागलं. फरक एवढाच की आता पिपे वाजवायचे नाहीत, कारण पाहुण्यांना आवाज खपत नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यानं झाडाच्या बुंध्यावर हळू टकटक करायची, आणि मधूनमधून खोकायचं. साध्या पाहुण्याला चार-पाच माणसं पुरत. आमच्यासाठी तेवढीच होती, हे ऐकून मला उगाच थोडं वाईट वाटलं.

“अन् म्होरक्या आपला खानसामा,” बायको म्हणाली. “त्याचा बाप याच बंगल्यावर हाक्याचा जमादार होता. सरकारी नोकर. पगार घ्याचा त्याचा. बंदी आली, अन् दुसऱ्या साली बाप मेला.”

त्या दिवशी चहाच्या आधीच मी खानसाम्याला गाठलं. तो कुऱ्हाडीचा दांडा काखेत धरून निघाला होता.

“पोटात दुखायच्या आधी दोन शब्द बोलू,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि दांडा भिंतीला लावून ठेवला. “बाईले समजलं म्हनजे तुमाले समजनारच होतं.”

“तुम्हाला हे बरोबर वाटतं? ही जागा जनावरांना त्रास होऊ नये म्हणून आहे.”

“सर, माह्या बापाच्या वक्ताले जनावर समोर येये अन् पडे. आता समोर येते अन् घरी जाते. माह्या हातानं एकबी मेलं नाई. यात खोटं काय हाय?”

“पाहुण्यांना वाटतं ती आपणहून येतात.”

“तुमच्या कॉलेजात पोट्टे आपल्या मनानं येते काय?”

यावर मी विषय बदलला. “आणि वाघ आला तर?”

“तो नाई येत. तो हाका ओळखते. मांगच्या मांग निसटते. जे वाघ मेले ते सारे येडे होते. जे वाचले त्याईची हे अवलाद हाय.” मग दांडा उचलून तो म्हणाला, “बाईसाहेब येऊन जाऊ द्या, सर. मंग तुमाले जे लिहाचं ते लिहा. मले एकडाव कायम होऊ द्या.”

तो गेल्यावर मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. खरं काय ते दिल्लीच्या बाईंना सांगावं, हा विचार मला फार सुरेख वाटत होता. विशेषतः त्या संगमरवरी पाटीसमोर उभं राहून सांगावं, असं चित्र डोळ्यांपुढे येत होतं. बायकोनं ते चित्र पाहिलं असावं.

“तुमचं पुस्तक खरं व्हावं म्हनून त्याईचं बिऱ्हाड रस्त्यावर काढता काय?” ती म्हणाली.

“पण हे सगळं ढोंग आहे.”

“हाय ना. पन त्यात ढोंगी कोन ते पाहा. जो टकटक करून राह्यला त्याची नोकरी जाईन. जो पाटी लावून बसला त्याचं का जाते?”

पाच वाजता चितळं आली. खोकला मला आता स्पष्ट ऐकू येत होता.

दिल्लीच्या बाई ठरल्या दिवशी जीपमधून आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, ताठ, खादीची साडी, गळ्यात दुर्बीण. अध्यक्षांनी हार घातला. बाईंनी तो लगेच काढून जीपच्या आरशाला अडकवला आणि पाटी वाचून दाखवायला सांगितली. अध्यक्षांनी ती आधी मराठीत वाचली आणि मग आपल्या हिंदीत समजावली. त्या हिंदीत करुणा ओट्यावर ‘चुप बैठ गयी है’ असं झाल्यामुळे कुणीतरी तिला रागावल्यासारखं वाटलं. बाई “अच्छा” म्हणाल्या. तो ‘अच्छा’ मला आवडला नाही. माझ्यासारख्या माणसाचा ‘अच्छा’ होता तो.

दुपारभर त्यांनी सगळं पाहिलं. पाणवठा पाहिला, त्यावरची पाटी पाहिली, भिंतीवरचे फोटो पाहिले, आणि फोटोंमागचे डाग जास्त वेळ पाहिले. खानसाम्याच्या हातचं वांग्याचं भरीत त्यांनी मागून घेतलं. साडेचारला तो नाहीसा झाला. त्याची बायको चहाच्या आधणासमोर बसून पदराचं टोक चावत होती.

“सारं गाव गेलं,” ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली. “म्हातारेबी गेले. मोठी पाहुनी हाय म्हने, हाका मोठाच पाह्यजे. यानं लाख सांगतलं, कोनी बाहेर येऊ नोका म्हनून. पन म्हातारे कोनाचं आयकते?”

आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो. बाई मधल्या आरामखुर्चीत, उजवीकडे अध्यक्ष, डावीकडे आम्ही. चहा आला. रान अगदी शांत होतं. आणि मग टेकडीकडून आवाज सुरू झाला. टक. टक टक. टक. एका बुंध्यावरून नाही, अख्ख्या टेकडीवरून.

“ये क्या है?” बाईंनी विचारलं.

“सुतार पक्षी, मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. मग त्यांना हिंदी शब्द आठवला. “कठफोडवा.”

“इतने सारे?”

“इस साल अच्छे हैं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला माणूस म्हणून तिथे बसवलेला होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी बायको म्हणाली, “हमारे अल्लीपूरमें तो इससे भी ज्यादा रहते, बाई. झोपने नहीं देते.”

टेकडीवर कुणीतरी खोकलं. तो खोकला कुठल्याही पक्ष्याला शोभला नसता. अध्यक्षांनी तातडीनं स्वतः खोकून घेतलं.

मग सागाची रांग हलली आणि चितळं बाहेर आली. नेहमीसारखी चालत नव्हती, धावत होती. त्यांच्यामागून दोन रोही, म्हणजे नीलगायी, दाणदाण पावलं टाकत. मग रानडुकरांची एक मादी आणि शेपट्या वर करून पळणारी पिल्लं. मग मोर. मग ससे. गाव मोठ्या मनानं कामाला लागलं होतं. सगळ्यात शेवटी एक म्हैस आली. ती रानातली नव्हती. पंधरा दिवसांपासून हरवलेली, गावातल्याच कुणाची तरी होती. ती माळरानाच्या मधोमध थांबून आमच्याकडे पाहू लागली.

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ त्या म्हशीकडे पाहत राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, पूरा परिवार है.”

इथे थांबलं असतं तर निभावलं असतं. पण हाक्याची एक रीत असते, आणि ती म्हाताऱ्यांना पाठ होती. जनावर निघून गेलं की हाक्याची माणसं रानातून बाहेर येतात, ओट्यासमोर अर्धगोलात उभी राहतात, काठ्या जमिनीवर ठेवतात आणि पाहुण्याला रामराम करतात. मग पाहुण्यानं प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गूळ न घेता घरी गेलं तर पुढच्या हाक्यात वाघ माणूस धरतो, अशी समजूत. आमच्यासारख्या साध्या पाहुण्यांच्या वेळी खानसामा मागच्या मागेच गूळ वाटून टाकी. पण एवढी मोठी पाहुणी दिल्लीहून यावी आणि तिला रामराम न करता परतावं, हे म्हाताऱ्यांना पटणं शक्य नव्हतं.

सागाच्या रांगेतून माणसं बाहेर आली. डोक्याला मुंडासं, हातात कुऱ्हाडीचे दांडे, अंगभर कुसळं. ती चालत आली, म्हशीला वळसा घालून ओट्यासमोर अर्धगोलात उभी राहिली. दांडे जमिनीवर ठेवले. सगळ्यांनी एकदम हात जोडले. खानसामा एका टोकाला उभा होता. तो आमच्याकडे पाहत नव्हता. त्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली.

अध्यक्षांचा चेहरा त्या फिक्कट डागांसारखा झाला. शेवटी रांगेतला सगळ्यात म्हातारा माणूस, ज्याला कमी ऐकू येत असावं, शेजाऱ्याला म्हणाला, “काऊन रे, गूळ नाई आनला काय पाहुनीनं?”

बायको उठली. आत गेली आणि परातीत गुळाची ढेप फोडून घेऊन आली. ती परात तिनं सरळ दिल्लीच्या बाईंपुढे धरली. “बाई, हमारे तरफ पाहुणे के हाथ से गूळ देते.”

बाई उठल्या. ओट्याच्या पायऱ्या उतरून त्यांनी एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. खानसाम्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी त्याच्या पॅन्टवरची कुसळं पाहिली, आणि मग त्याचा चेहरा पाहिला.

“आप तो दोपहर को खाना परोस रहे थे.”

“हाव, बाईसाहेब.”

“और शाम को?”

अध्यक्ष धावत पायऱ्या उतरले. “मॅडम, ये हमारे ग्रामवासी. जानवर से डरते नहीं. शाम को उनके पीछे पीछे... घूमने निकलते हैं.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. एक गुळाचा खडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. परात परत देताना त्या माझ्या बायकोला, जेमतेम आम्हालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हमारे पिताजी गुड़ के साथ चने भी देते थे.”

एवढंच. जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी अध्यक्षांना सांगितलं की बंगला सुरू राहावा, आणि त्या माणसाला कायम करावं, हे त्या खात्याला कळवतील. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी दया केली, का लहानपण आठवलं, का अध्यक्षांची गंमत पाहून त्या खूश झाल्या, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी संशयावर आयुष्य काढलेला माणूस. पण माझ्यापेक्षा जास्त संशयी माणूस समोर आला आणि त्यानं सगळं ओळखून गूळ खाल्ला, तर पुढे काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आरशाला अडकवलेला हार हलवत जीप गेली. म्हैस तिच्या मालकानं ओळखली आणि दांड्यानं हाकत घरी नेली.

पुस्तिका मी लिहून दिली. बंगला कधी बांधला, विटा कुठून आणल्या, शेकोटी का बांधली असावी, एवढंच लिहिलं. जनावरांच्या वेळेबद्दल एक ओळ लिहिली: ‘या परिसरात चितळांचं दर्शन सहसा संध्याकाळी होतं.’ अध्यक्षांना ती फार कोरडी वाटली.

त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी खानसामा वांग्यांची पिशवी घेऊन आमच्या वर्ध्याच्या घरी आला. अंगावर नवा खाकी शर्ट होता. बायकोनं त्याला पाणी दिलं, तो दाराच्या चौकटीला टेकला आणि म्हणाला, “झालो, बाई. कायम.”

बायकोनं त्याच्या हातावर साखर ठेवली. मी विचारलं, “खानसामा म्हणून?”

“नाई, सर. खानसाम्याची जागा मंजूर नाई म्हने. नवी जागा काढाले वरून हुकूम नाई. आफिसातल्या बाबूनं जुनं सारं धुंडाळलं. बंगल्यावर एकच जागा मंजूर होती अन् रिकामी होती. माह्या बापाची.”

त्यानं हातावरची साखर तोंडात टाकली.

“हाक्याचा जमादार,” तो म्हणाला.

अशा रीतीनं वन्य प्राण्यांच्या रक्षणाला वाहिलेल्या त्या बंगल्यावरचा पहिला कायम नोकर शिकारीच्या हाक्यासाठी नेमला गेला. संगमरवरी पाटी अजून तिथेच आहे. जागेच्या जुन्या नियमाप्रमाणे त्याला दर साली खात्याकडून हाक्यात वाजवायला एक नवा पत्र्याचा पिपा मिळे. त्याची बायको त्यात तुरीची डाळ भरून ठेवी.